परांचीवरून पडलेला गवंडी, ठेकेदाराचा बचाव आणि मुकादमाची वही

ठेकेदाराने प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला आणि जपून माझ्या टेबलावर ठेवला. शंभराचा स्टॅम्प, नोटरीचा गोल शिक्का, खाली दोन सह्या. "मॅडम, आपण तर सगळं मिटवलंय. पंच्याहत्तर हजार दिलेत. मग ही नोटीस कशाची?"

ही जुलै २०२१ मधली गोष्ट. मी वकील आहे. बांधकामावरच्या अपघातांच्या दाव्यांत मी बहुतेक वेळा ठेकेदाराच्या, बिल्डरच्या किंवा विमा कंपनीच्या बाजूने उभी राहते. हे प्रकरण अशिलाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सुरुवातीची चूक माझी होती, तीही लिहिणार आहे.

फेब्रुवारी २०२१. मोशीजवळ सात मजली इमारतीच्या बाहेरच्या प्लास्टरचं काम चालू होतं. गवंडी नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातला, तिशीच्या आतबाहेरचा. दुपारी साडेतीनच्या सुमारास तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर परांचीची फळी सरकली आणि तो खाली आला, सरळ पायांवर. असा पडलेल्या माणसाला बहुतेकदा जे होतं तेच झालं: दोन्ही टाचांची हाडं चुरली आणि धक्का वर जाऊन कमरेचा एक मणका चेपला. ठेकेदाराने त्याला स्वतः टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं आणि रात्रभर तिथेच बसून राहिला. हा ठेकेदार पंधरा वर्षांपूर्वी स्वतः गवंडी होता. हातावरचे सिमेंटचे जुने चट्टे अजून दिसतात. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सल्ला देणारे सगळे "आधी कागद करून घे" म्हणणारे होते.

कागद झाला तो दवाखान्यातच. सही गवंड्याची नव्हती, त्याच्या मेव्हण्याची होती. मजकूर असा: "आमच्या साइटवर काम करताना पडून जखमी झाल्याने माणुसकीच्या नात्याने रुपये ७५,००० दिले, यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही." पुढे एप्रिलमध्ये करोनाचे निर्बंध लागले, साइट बंद पडली, गवंडी गावी गेला आणि तिकडून वकिलाची नोटीस आली.

मी ठेकेदाराला सांगितलं, या कागदाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम १७ नुसार कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार मुळातच निरर्थक असतो. तडजोड करायचीच तर ती आयुक्तांसमोर कलम २८ खाली नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. शिवाय ७५,००० औषधोपचाराचे की भरपाईचे, हे कागदात कुठेच नव्हतं. औषधोपचाराचा खर्च भरपाईत मोजला जात नाही. तो प्रत्यक्ष झाला तेवढा मालकाने वेगळा द्यायचा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या कागदात "आमच्या साइटवर काम करताना" असं स्पष्ट लिहिलं होतं. तो माणूस कामावर होता आणि कामातच पडला, हे सिद्ध करायला समोरच्या वकिलाला दुसरा पुरावा शोधायची गरजच नव्हती.

ठेकेदार गप्प झाला. मग म्हणाला, "पण मस्टरवर त्याचं नाव नाही, मॅडम. आपला माणूसच नाही म्हणू."

या एका वाक्याने बांधकाम ठेकेदारांची किती नुकसानी होते ते मी बघत आले आहे. बिल्डरने काम ठेक्याने दिलेलं असलं तरी कलम १२ खाली कामगार थेट बिल्डरकडून भरपाई मागू शकतो, आणि बिल्डर ती ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. म्हणजे ठेकेदाराने माणूस नाकारला तरी रक्कम फिरून त्याच्याच बिलातून कापली जाणार. शिवाय ठेकेदाराने कामगारांची विमा पॉलिसी घेतलेली होती. माणूस आपला नाही असं एकदा लेखी दिलं की विमा कंपनीने तरी का पैसे द्यावेत?

ऑगस्टमध्ये पुण्याच्या कामगार न्यायालयात, म्हणजे भरपाई आयुक्तांसमोर, अर्ज आला. सामनेवाला क्रमांक एक बिल्डर, दोन आमचा ठेकेदार, तीन विमा कंपनी. मागणी १८,८९,२८० रुपये, व्याज, दंड आणि औषधोपचाराचा खर्च. हा आकडा हवेतला नव्हता. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्क्यांना चौथ्या अनुसूचीतल्या वयाच्या गुणकाने गुणायचं. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी तो जास्तीत जास्त १५,००० धरला जातो. २९ वयाचा गुणक २०९.९२. नऊ हजार गुणिले २०९.९२, झाले १८,८९,२८०. अपंगत्व अंशतः असेल तर याच आकड्याची टक्केवारी.

वयाचा एक छोटा वाद होता. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९९०, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जून १९९१. आधारावरची तारीख धरली तर वय ३१ आणि गुणक २०५.९५. फरक पूर्ण रकमेवर ३५,७३० रुपयांचा. मुखेडहून मुख्याध्यापकांना बोलावून दोन तारखा घालवण्यात अर्थ नव्हता. तो मुद्दा सोडला.

आता माझी चूक. ठेकेदाराने पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, "बेल्ट दिला होता, त्याने घातला नाही." सप्टेंबरमध्ये म्हणणं दाखल करायची तारीख होती, मी त्याच्या शब्दावर विसंबले आणि बेल्टचा बचाव लिहून दिला. कायद्यात असा बचाव आहे. सुरक्षिततेचा स्पष्ट आदेश किंवा नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळेच अपघात झाला, तर मालक भरपाईला बांधील नाही. पण त्याला दोन मोठ्या मर्यादा आहेत. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तो बचाव चालतच नाही. आणि नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. आदेश दिला होता आणि तो मुद्दाम मोडला, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. साइट बघितल्याशिवाय असा बचाव लिहू नये, हे मला माहीत असायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साइटवर गेले. अपघात झालेल्या विंगचं प्लास्टर संपलेलं होतं, पण शेजारच्या विंगला तीच टोळी त्याच पद्धतीने काम करत होती. बांबूची परांची, काथ्याने बांधलेली. फळ्या नुसत्या टाकलेल्या, एकही बांधलेली नाही. एका फळीचं टोक आडव्या बांबूवर जेमतेम चार बोटं टेकलेलं होतं. दुसऱ्या टोकाला गवंडी घमेलं घेऊन सरकला की हे टोक हलताना खालून दिसत होतं.

"बेल्ट कुठे आहेत?" मी विचारलं. सुपरवायझरने स्टोअरचं कुलूप काढलं. सिमेंटच्या गोण्यांमागे एका खोक्यात सहा बेल्ट होते. चार अजून कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या तोंडाचा स्टेपल न उघडलेला, वर सिमेंटचा थर. मी एक बेल्ट हातात घेऊन बाहेर आले आणि विचारलं, याचा हूक अडकवायचा कशात? वर बघितलं तर दोर नाही, पाइप नाही, भिंतीत कडी नाही. परांचीच्या बांबूला हूक लावला तर परांचीबरोबर माणूसही खाली येणार. घातलाच असता तरी तो बेल्ट त्या गवंड्याला वाचवू शकला नसता.

मी तिथल्या तिथे ठेकेदाराला फोन केला आणि म्हटलं, आधी हे काम थांबवा, फळ्या बांधा, वरून लाइफलाइन, म्हणजे बेल्ट अडकवायचा दोर, सोडा, मग बाकीचं बोलू. त्या दिवशी दुपारनंतर काम बंद राहिलं. याचं श्रेय त्याला देते, कारण टोळीची हजेरी, म्हणजे त्या दिवसाची मजुरी, त्याच्या खिशातून गेली.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला तो चिडून. "तुम्ही माझ्या वकील की त्याच्या?"

मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर हिशेब मांडला. भरपाई देय होते ती अपघाताच्याच तारखेला, निकालाच्या तारखेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७६ मध्येच, प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता या प्रकरणात, सांगितलं आहे. आणि ते प्रकरणही कामावर पडून हात गमावलेल्या एका सुताराचंच होतं. महिनाभरात रक्कम दिली नाही तर कलम ४ए खाली १२ टक्के व्याज लागतं. उशिराला सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनीवर टाकता येतं, दंड नाही. वेद प्रकाश गर्ग विरुद्ध प्रेमी देवी या १९९७ च्या निकालापासून हे ठरलेलं आहे. "म्हणजे दंड तुमच्या घरातून," मी म्हटलं. "आणि दंड लावायचा की नाही हे ठरवताना आयुक्त विचारणार, एवढा उशीर का केला? तेव्हा आपल्याकडे उत्तर काय, तर पिशवीतून न काढलेला बेल्ट."

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मॅडम, मीपण असल्याच परांचीवर काम केलंय. आमच्या वेळी तर बेल्टच नव्हते." त्याच्या आवाजात आता भांडण नव्हतं.

मी त्याला दोन गोष्टी सुचवल्या. बेल्टचा बचाव सोडल्याची पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, द्यायची. आणि आपल्याला मान्य असलेली रक्कम आत्ताच जमा करायची. कलम ४ए(२) हेच सांगतं: पूर्ण दायित्वाबद्दल वाद असला तरी जेवढं मान्य आहे तेवढं मालकाने लगेच द्यायचं. सरकारी रुग्णालयाच्या अपंगत्व मंडळाने दाखल्यात ३५ टक्के कायमचं अंशतः अपंगत्व दिलं होतं. तेवढं तरी नाकारण्यासारखं काहीच नव्हतं. १८,८९,२८० चे ३५ टक्के म्हणजे ६,६१,२४८.

पैसे कुठून आणायचे? छोट्या ठेकेदाराकडे सहा लाख रोख नसतात, त्याचे पैसे बिलांत अडकलेले असतात. बिल्डरच्या वकिलांशी बोलले. कलम १२ खाली तुम्हीही अडकलेले आहात, तर ठेकेदाराच्या बिलांतून रोखून धरलेली रिटेन्शनची रक्कम आणि शेवटचं बिल यातून रक्कम थेट आयुक्तांकडे भरा, आम्ही लेखी संमती देतो. तीन आठवडे घासाघीस झाली. नोव्हेंबरमध्ये रक्कम जमा झाली आणि अर्जदाराला काढता आली. त्या दिवसापासून तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबलं. निकाल पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये लागला. त्या सत्तावीस महिन्यांचं वाचलेलं व्याज सुमारे १,७८,००० होतं.

मग उरला खरा वाद: कमाईची क्षमता किती टक्के गेली?

शरीराचं अपंगत्व आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमा कंपनी ३५ टक्क्यांवर अडून होती, अर्जदार १०० टक्क्यांवर. अर्जदाराने एक खासगी अस्थिरोगतज्ज्ञ तपासले. त्यांनी सांगितलं, टाचेच्या खालचा सांधा जखडला आहे. सपाट जमिनीवर हा माणूस चालेल, पण खडी, विटांचे तुकडे, उतार, शिडी यांवर पाय ठरणार नाही. उकिडवं बसता येणार नाही. मणक्यामुळे वजन उचलता येणार नाही. मी उलटतपासात त्यांच्याशी वाद घातला नाही. एकच विचारलं, १०० टक्के म्हणता ते गवंडीकामापुरतं, की कुठल्याही कामासाठी? ते म्हणाले, गवंडीकामापुरतं. कायद्यातल्या व्याख्येत पूर्ण अपंगत्व म्हणजे अपघाताच्या वेळी जी कामं करायची क्षमता होती ती सगळीच करता न येणं. गवंडीकाम गेलं तरी बाकीची कामं उरतात, हा माझा मुद्दा तिथे उभा राहिला.

त्याआधी ठेकेदाराने मला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला होता. मुखेडच्या कुणीतरी चोरून काढलेला, गवंडी पिठाच्या गिरणीत गल्ल्यावर बसलेला. "बघा मॅडम, काम करतोय." मी तो तीनदा बघितला. तिसऱ्यांदा लक्षात आलं, की उठताना तो दोन्ही तळहात गल्ल्यावर रोवतो, अंगाचा सगळा भार हातांवर घेतो आणि मगच पाय जमिनीवर टेकतो. व्हिडिओ दाखल केला नाही. अर्जदार साक्षीला आला तेव्हा सरळ विचारलं.

"गावी गिरणीत बसता?"

त्याच्या वकिलांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण तो आधीच बोलला. "बसतो मॅडम. चार तास. दीडशे देतात. पण पोतं उचलायला दुसरा लागतो."

"शिक्षण किती?"

"दहावी पास. नववीत असताना किराणा दुकानात होतो."

पुढे प्रश्न विचारले नाहीत. तो खोटं बोलला असता तर व्हिडिओ काढावा लागला असता, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असं उघडं पाडून मिळवलेली टक्केवारी मला नको होती. तो उतरून गेला तेव्हा कोर्टाच्या जिन्यावरून एकेक पायरी आडवं होऊन, कठडा धरून खाली गेला. ३५ टक्के हा आकडा खोटा आहे, हे तेव्हा माझं मलाच पटलं.

पगाराचा वाद मात्र आमच्या अंगाशी आला. ठेकेदाराच्या मस्टरवर गवंड्यांची हजेरी ४५० रुपये. मुकादमाच्या वहीत ७५०. अर्जदाराच्या वकिलांनी वही हजर करायची नोटीस दिली, मी ती हजर केली. लाल पुठ्ठ्याची, रबरबँड लावलेली. पूर्ण हजेरीला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला रेघेवर टिंब, उचल समासात. फेब्रुवारीच्या पानावर त्या दिवशी अर्जदाराच्या नावापुढे रेघेवर टिंब होतं. साडेतीनला पडला, म्हणून अर्धी हजेरी.

सव्वीस दिवसांचे ७५० प्रमाणे १९,५०० होतात, म्हणून १५,००० ची मर्यादा लागली. पण पॉलिसी घेताना ठेकेदाराने हप्ता वाचवायला मस्टरचा पगार, म्हणजे ११,७००, जाहीर केला होता. विमा कंपनीने नेमकी तीच हरकत घेतली. या मुद्द्यावर सगळीकडे एकसारखे निकाल लागत नाहीत. इथे आयुक्तांनी विमा कंपनीची जबाबदारी जाहीर पगारापुरती ठेवली.

निकाल ६० टक्क्यांचा लागला. एकूण ११,३३,५६८. त्यातले ८,८४,१८३ विमा कंपनीचे, उरलेले २,४९,३८५ ठेकेदाराचे. शिवाय व्याज, औषधोपचाराच्या पावत्यांप्रमाणे खर्च, आणि पहिल्या नऊ महिन्यांच्या उशिराबद्दल ५०,००० दंड, तोही ठेकेदाराने स्वतः भरायचा. स्टॅम्पपेपरचे ७५,००० आयुक्तांनी औषधोपचारात धरले. विमा कंपनीने अपिलाचा विचार केला, पण कलम ३० खाली उच्च न्यायालयात कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा लागतो आणि टक्केवारीचा वाद हा वस्तुस्थितीचा वाद. रक्कम भरली गेली.

दंडाचे पन्नास हजार माझ्या मनात राहिले आहेत. जुलैमध्ये अशील आला तेव्हाच मी साइटवर गेले असते, तर रक्कम नोव्हेंबरऐवजी ऑगस्टमध्ये जमा झाली असती. आता वकीलपत्रावर सही घेतली की त्याच आठवड्यात साइट बघते. अशिलाला आधीच सांगते की बूट घालून येणार आहे, स्टोअरचं कुलूप उघडं ठेवा. आणि सोबत तीन कागद मागते: पॉलिसी, ठेक्याची वर्क ऑर्डर आणि मुकादमाची वही. मस्टर सगळ्यात शेवटी.

हे प्रकरण १९२३ च्या कायद्याखाली चाललं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाल्यामुळे त्यानंतरच्या अपघातांसाठी कलमं तिथली बघावी लागतात. भारतीय दंड संहितेच्या कलम ३३८ खालचा फौजदारी गुन्हा वेगळा चालला. त्यात ठेकेदार आणि सुपरवायझर दोघं आरोपी होते. गुन्हा जामीनपात्र असल्याने अटकेचा प्रश्न आला नाही.

निकालानंतर पंधरा दिवसांनी मुकादम माझ्या ऑफिसात आला. त्याला वही परत हवी होती. तिच्यात टोळीतल्या बाकीच्या अकरा जणांच्या उचलीचा हिशेब होता आणि दोन वर्षं तो अंदाजाने चालला होता. एकदा निशाणी पडलेला, म्हणजे पुरावा म्हणून नोंद झालेला, कागद तसाच परत मिळत नाही. अपिलाची मुदत जावी लागते, प्रमाणित नक्कल ठेवावी लागते, अर्ज द्यावा लागतो. मी अर्ज लिहिला, त्याने खाली सही केली आणि विचारलं, नक्कल काढताना समासातली उचल पण येईल ना.